फोटो कोणी काढला, हे आधी विचारा

शिक्षक मंडळी, होलोकॉस्ट, म्हणजे हिटलरच्या नाझी राजवटीनं केलेला ज्यूंचा वंशसंहार, शिकवायचा म्हटलं की आपल्यातले बरेच जण आधी प्रेतांच्या ढिगांची चित्रफीत शोधतात. वर्ग चिडीचूप होतो आणि आपल्याला वाटतं, धडा पोचला. मला हे पटत नाही. भेदरलेलं मूल प्रश्न विचारत नाही. नाझींनी ज्यूंना सक्तीनं लावायला लावले तसे पिवळे तारे अर्ध्या वर्गाला लावून ‘अनुभव’ देण्याचा प्रकार तर कृपा करून नकोच. त्यात पोरांना फार तर चिडवाचिडवी कळते.

त्यापेक्षा ‘आउश्वित्झ अल्बम’ घ्या. आउश्वित्झ म्हणजे नाझींनी व्यापलेल्या पोलंडमधली त्यांची संहारछावणी. जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारक संस्थेच्या संकेतस्थळावर तो आहे. १९४४च्या मेपासून जेमतेम आठ आठवड्यांत हंगेरीतून सव्वाचार लाखांहून अधिक ज्यूंना रेल्वेनं हलवलं, बहुतेकांना आउश्वित्झला. त्या दिवसांतली सुमारे दोनशे छायाचित्रं यात आहेत. फलाटावर उतरलेली कुटुंबं, गाठोडी, रुमाल बांधलेल्या बायका, कोट-टोपी घातलेले दोन लहान भाऊ. रक्ताचा थेंब कुठे नाही. झाडांखाली टेकलेल्या बायका-मुलांचा फोटो वर्गाला सहलीचा वाटतो. वाटू द्या. मग सांगा, की गॅस चेंबर तिथून जवळच आहे आणि या माणसांना ते ठाऊक नाही.

आता विचारा, फोटो कोणी काढला? उत्तर येतं, पत्रकारानं. नाही. छावणी चालवणाऱ्या एसएसच्या, म्हणजे नाझींच्या सशस्त्र संघटनेच्या माणसांनी काढला. कॅमेरा मारणाऱ्याच्या हातात होता, हे कळल्यावर मुलं तेच चित्र पुन्हा, वेगळ्या नजरेनं बघतात.

हा अल्बम सापडला लिली याकोबला. अठरा वर्षांची मुलगी, त्याच गाड्यांतून आउश्वित्झला आलेली. १९४५मध्ये जर्मनीतली डोरा ही नाझी छावणी मुक्त झाली, तेव्हा एसएसनं सोडलेल्या बराकीत तिच्या हाती हा अल्बम लागला. उघडते तो तिच्याच गावचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू! पुढे तिचे स्वतःचे धाकटे भाऊ, स्रिल आणि झेलिग. मघाशी सांगितलेले ते दोघे हेच. १९६४मध्ये आउश्वित्झच्या एसएसवाल्यांवर फ्रँकफर्टला चाललेल्या खटल्यात तिनं साक्ष दिली. आरोपी स्टेफान बारेट्स्की याच अल्बममधल्या एका फोटोत फलाटावर दिसतो. त्याला जन्मठेप झाली. इतिहासाचं साधन म्हणजे काय, हे याहून सोपं करून कसं सांगणार?

पण गाडीपासून सुरुवात केली तर त्याआधीची, हिटलर १९३३मध्ये सत्तेवर आल्यापासूनची अकरा वर्षं निसटतात. त्यासाठी बर्लिनच्या बायरिश वस्तीतल्या पाट्या दाखवा. रेनाटा श्टीह आणि फ्रीडर श्नॉक या कलावंतांनी १९९३मध्ये तिथे दिव्यांच्या खांबांवर ८० पाट्या लावल्या. एका बाजूला साधं चित्र, दुसऱ्या बाजूला तेव्हाचा नियम. पाव: ज्यूंनी बर्लिनमध्ये खाद्यपदार्थ फक्त दुपारी चार ते पाच या वेळेत घ्यावेत, १९४०. मांजर: ज्यूंना पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत, १९४२. आधी नुसती चित्रं दाखवा, नियम मुलांनाच ओळखू द्या. जमत नाही त्यांना. इतका क्षुद्रपणा सुचतच नाही.

“सर, पण हिटलरकडे शिस्त होती ना?” हा प्रश्न येतोच. त्याचं आत्मचरित्र आपल्याकडे मराठीत पुस्तकांच्या स्टॉलवर मिळतं, मग पोरांनी विचारलं तर नवल काय? ओरडू नका. पावाची पाटी त्याच मुलाच्या हातात द्या. पाच वाजून दहा मिनिटांनी ज्यू बाई दुकानात आली, तर शिस्त कोणी पाळायची, दुकानदारानं, रांगेतल्या शेजारणीनं की पोलिसानं? पुढचा तास त्याच्यावर सोपवा.