आगगाडीची पाच मिनिटं, नदीचे वीस किलोमीटर

मंडळी, नमस्कार. आधीच कबूल करून टाकतो, मी पराक्रमाची गोष्ट सांगायला उभा नाही. पुढच्या रांगेत कन्याकुमारीपर्यंत सायकल मारून आलेले लोक दिसताहेत. त्यांच्यासमोर मी सांगणार आहे ते एका दिवसातले जेमतेम ५५ किलोमीटर. तेही सपाट. त्यातही तीन वेळा खाणं, एकदा झोप. कुणी घड्याळ लावून बसलं असेल तर त्यानं ते काढून ठेवावं.

नदीचं नाव मोझेल. फ्रान्समधल्या व्होज डोंगरात उगम, मग लक्झेंबर्गची हद्द, मग जर्मनी, आणि कोब्लेन्झला ऱ्हाइनमध्ये विसर्जन. ट्रिअर ते कोब्लेन्झ हे अंतर पक्ष्याच्या वाटेनं शंभरेक किलोमीटर आहे, नदीच्या वाटेनं जवळजवळ दुप्पट. आज ज्या तुकड्याबद्दल बोलतोय, ट्राबेन-ट्रारबाख ते कोखेम, तिथे तर नदी भलतीच रमते. डोंगराला वळसा घालते, पुढे जाते आणि परत मागच्या गावाच्या पाठीशी येऊन उभी राहते.

बरोबर माझी थोरली बहीण होती. ताईचं वय ६७, तिची सायकल बॅटरीची. या सायकलींची मोटर पायडल मारलं तरच मदत करते, आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर गेलात की हात आखडते. माझी सायकल साधी. त्यामुळे दिवसभर ताई पुढे आणि मी मागे, लहानपणी शाळेत जाताना होतो तसेच.

सकाळी ट्राबेन-ट्रारबाखच्या पुलावरून निघालो. पुलाच्या एका टोकाला एक भलं थोरलं दगडी दार आहे, ब्रुनो म्योरिंग नावाच्या वास्तुविशारदानं १८९९च्या सुमारास बांधलेलं. त्या काळी हे गाव वाइनच्या व्यापारानं इतकं गब्बर होतं की पुलालासुद्धा वाड्यासारखा दरवाजा हवासा वाटला. खाली नदीकाठच्या जुन्या घरांच्या भिंतींवर रेघा आणि त्यांच्यापुढे साल कोरलेलं दिसतं. पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा. १९९३च्या डिसेंबरची रेघ बघायला मला मान वर करावी लागली. सांगलीकरांना यातलं वेगळं काही सांगायला नको. सायकलचा रस्ता तर नदीला इतका चिकटून आहे की पुरात सगळ्यात आधी बुडतो तोच.

आता तो रस्ता. मला इथे येण्याआधी एकानं विचारलं, "काका, खंडाळ्याचा घाट तुम्हाला चढवत नाही, जर्मनीत काय करणार?" त्याचं उत्तर असं, की ट्रिअर ते बुलाय या गावांदरम्यान उजव्या काठानं पूर्वी एक छोटी आगगाडी धावायची. १९०५पर्यंत पूर्ण झालेली, १०२ किलोमीटरची. गावोगावच्या वाइनमुळे लोकांनी तिला लाडानं 'पिणाऱ्यांची गाडी' असं नाव ठेवलं होतं. साठच्या दशकात ती बंद पडली, रूळ निघाले, आणि तिच्या वाटेवर कितीतरी ठिकाणी आज सायकली चालतात. आगगाडीला चढ झेपत नाही. म्हणजे माझ्या गुडघ्यांची सोय शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी करून ठेवली होती.

एंकिर्खला धरण आणि जलपाश लागतो. जलपाश म्हणजे धरणाशेजारचा दरवाजांचा हौद, त्यात पाणी कमीजास्त करून बोटी वर-खाली नेतात. तिथे आम्ही अर्धा तास नुसते उभे राहिलो. १७० मीटरच्या आसपास लांब आणि १२ मीटर रुंद असा तो हौद. त्यात एक मालवाहू बोट अशी शिरली की बाजूला हात घालायला जागा नाही. बोटीच्या मागच्या बाजूला खलाशाचं घर, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि छपराजवळ त्याची स्वतःची मोटार उभी. ताई म्हणाली, "अरे, संसारच घेऊन निघालाय की!" दरवाजे बंद झाले, पाणी उतरलं, बोट सावकाश खाली गेली आणि आमच्या डोळ्यांसमोरून संसार नाहीसा झाला.

ही नदी पूर्वी अशी नव्हती. उन्हाळ्यात उथळ व्हायची, मोठी बोट चालायची नाही. फ्रान्सला आपल्या लोरेन प्रांतातल्या पोलाद कारखान्यांसाठी ऱ्हाइनपर्यंत पाण्याची वाट हवी होती. २७ ऑक्टोबर १९५६ला फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांचा करार झाला. त्याच दिवशी महायुद्धानंतर फ्रान्सच्या अमलाखाली असलेला सारचा प्रदेश जर्मनीला परत देण्याचा करारही झाला. म्हणजे देवाणघेवाण होती. धरणं बांधून १९६४ साली वाट खुली झाली, फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल स्वतः आले होते. ट्रिअर ते कोब्लेन्झ असे दहा जलपाश आहेत. आपण काठावर बसून ज्याला 'काय शांत नदी आहे हो' म्हणतो, ती शांतता पोलादाच्या हिशेबातून आलेली आहे.

मला आज खरं तर एवढंच सांगायचंय. या काठावरचा निवांतपणा निसर्गानं फुकट दिलेला नाही, तो बांधलेला आहे. पांढऱ्यावर हिरव्या अक्षरांच्या पाट्या प्रत्येक फाट्यावर आहेत, म्हणून नकाशा काढावा लागत नाही. तिथल्या सायकलस्वारांच्या संघटनेनं १९९५पासून मुक्कामाच्या जागांना एक शिक्का द्यायला सुरुवात केली. तो हवा असेल तर मालकानं एका रात्रीच्या पाहुण्यालाही घेतलं पाहिजे, सायकलला कुलूपबंद जागा, ओले कपडे वाळवायची सोय, पंप आणि नटबोल्टाचे पाने ठेवले पाहिजेत. दोन रात्री राहा नाहीतर खोली नाही, असं कुणी म्हणालं की सगळा निवांतपणा संपला. थकलात तर वाटेतल्या काही गावांत स्टेशन आहे. आळस करायलाही व्यवस्था लागते, मंडळी.

दुपारी झेल नावाचं गाव. उजवीकडे-डावीकडे द्राक्षमळे, आणि ते कसे, तर भिंतीला लावल्यासारखे. माती जवळजवळ नाहीच, काळ्या दगडाच्या चिपा. हातात घेतली आणि ओळख पटली: आपण ज्या पाटीवर श्रीगणेशा गिरवला तोच दगड. दिवसभर ऊन पितो आणि रात्री वेलींना ऊब देतो. झेलच्या चौकात काळ्या मांजरीचं कारंजं आहे. १८६३मध्ये आखेन शहराचे व्यापारी कुठला पिंप घ्यावा म्हणून खोळंबले होते, तेव्हा एक मांजर एका पिंपावर उडी मारून फिस्कारायला लागली आणि तोच पिंप विकला गेला, अशी कथा सांगतात. खरी असो नसो, बाटल्या अजून त्या मांजरीच्या नावावर खपतात.

जेवण एका मळेवाल्याच्या अंगणात. दारावर फांद्यांचा झुपका टांगला की समजायचं, घर उघडं आहे. कायद्यानं त्याला वर्षातून फार तर चार महिने आणि फार तर ४० खुर्च्या मांडता येतात, वाइन फक्त स्वतःच्या मळ्याची आणि खाणं साधंच. आम्ही बटाट्याचं सूप, ब्रेड आणि चीज घेतलं. ताईनं द्राक्षाचा रस, मी सोडा घातलेली रीसलिंग, म्हणजे पांढरी वाइन, एकच पेला. सायकलवर असलात तरी तिथला दारूचा कायदा सुटत नाही. मग झाडाखाली मी झोपलो. किती वेळ ते ताई सांगते त्यापेक्षा कमी.

बुलायला दुमजली पूल लागतो, १८७८चा, वरून आगगाडी, खालून आपण. पलीकडे ब्रेमला कालमोंट. युरोपातला सगळ्यात उभा द्राक्षमळा म्हणतात, काही ठिकाणी ६५ अंश. तिथे मजूर एका रुळाच्या छोट्या पाळण्यातून वर जातात. ताई वर बघत राहिली आणि तेवढ्यात तिच्या सायकलनं दिवा लावला: बॅटरी संपत आली. सकाळपासून बाईसाहेब सगळ्यात वरच्या गतीवर होत्या!

पुढचं गाव एलर. तिथून कोखेमला आगगाडी डोंगराच्या पोटातून जाते. १८७९ साली सुरू झालेला हा ४,२०५ मीटरचा बोगदा शंभराहून अधिक वर्षं जर्मनीतला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा होता. नदी मात्र तेच अंतर वीसेक किलोमीटरचा वळसा घेऊन कापते. ताई सायकलसकट गाडीत चढली. पाच मिनिटांत कोखेम. मी वळसा धरला. सेनहाइमचा पूल, पलीकडच्या काठावर बायलश्टाइनची घरं आणि वर पडका किल्ला, उन्हं डोंगराआड गेली तरी पाण्यावर रेंगाळलेला उजेड. दीड तासाहून जास्त लागला.

कोखेमच्या किल्ल्याखाली ताई कॉफी संपवून बसली होती. पाय धुतलेले, मोजे वाळत घातलेले, बॅटरी चार्जिंगला. म्हणाली, "मी काळोख बघितला. तू काय बघितलंस?" मी सांगत गेलो, ती काही बोलली नाही.

सकाळी खाली आलो तर तिची सायकल दारात उभी, पण तोंड उलट्या दिशेला, एलरकडे. मला म्हणाली, "तू हो कोब्लेन्झकडे. मी जरा मागे जाऊन येते."