चंडोल : मोतो गुझ्झी लोदोला 235 ग्रान तुरिस्मो

उत्तर इटलीत, कोमो सरोवराच्या पूर्वेकडील फाट्याला लागून, डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत मांदेल्लो देल लारिओ हे गाव वसलेले आहे. 15 मार्च 1921 रोजी स्थापन झालेल्या मोतो गुझ्झी कंपनीचा कारखाना याच गावात असून, पडद्यावर दिसणारी ही हलक्या बांध्याची, एका सिलिंडरची मोटारसायकल त्याच कारखान्यात घडली. तिचे नाव लोदोला, म्हणजे चंडोल. आपल्या गाड्यांना पक्ष्यांची नावे देण्याची या कंपनीची जुनी हौस होती. ऐरोने म्हणजे बगळा, फाल्कोने म्हणजे ससाणा आणि गालेत्तो म्हणजे चक्क कोंबडा. कंपनीच्या बोधचिन्हातील गरुडाची कथा मात्र वेगळी आणि दुःखाची आहे. या कंपनीचे स्वप्न पाहणाऱ्या तीन मित्रांपैकी वैमानिक जोव्हान्नी रावेल्ली 1919 मध्ये विमान अपघातात मरण पावला, आणि उरलेल्या दोघांनी, कार्लो गुझ्झी आणि जॉर्जो पारोदी यांनी, त्याच्या आठवणीसाठी तो पंख पसरलेला गरुड स्वीकारला.

लोदोलाचे वेगळेपण कळण्यासाठी आधी कार्लो गुझ्झी यांचा एक हट्ट समजून घ्यावा लागतो. 1921 च्या पहिल्या 500 सीसी गाडीपासून त्यांनी सिलिंडर उभा न ठेवता आडवा, थेट पुढच्या चाकाकडे तोंड करून बसवला. त्यामुळे इंजिनाचा सर्वाधिक तापणारा भाग, म्हणजे हेड, समोरून येणाऱ्या वाऱ्याला पहिल्यांदा सामोरे जाई, आणि गाडीचे वजन जमिनीलगत राहिल्याने वळणावर ती स्थिर चाले. पुढची तीन दशके कंपनीच्या मोठ्या एकसिलिंडरी गाड्या याच घडणीच्या निघाल्या. 1939 ते 1957 या काळात बनलेली 250 सीसीची ऐरोनेही त्याच कुळातली. मात्र आडवे इंजिन लांबीला जागा खाते, आणि छोटी, आटोपशीर गाडी बांधायची असेल तर ही लांबी अडचणीची ठरते.

1956 साली लोदोला आली तेव्हा कार्लो गुझ्झी यांनी पासष्टी ओलांडली होती, आणि त्यांच्या हातची ही शेवटची रचना मानली जाते. आयुष्यभर आडवा निजवलेला सिलिंडर या गाडीत त्यांनी सुमारे 45 अंशांच्या कोनात उचलला. बाजूने पाहिले की डोंगर चढणारा माणूस जसा पुढे झुकतो, तसा तो सिलिंडर पुढच्या चाकाकडे कललेला दिसतो. 62 मिलिमीटर व्यास आणि 57.8 मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, असलेले हे 175 सीसीचे इंजिन होते, आणि त्याचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, हेडमध्ये बसवून साखळीने फिरवलेला होता. रोजच्या वापराच्या छोट्या गाडीसाठी ही व्यवस्था त्या काळी उंची समजली जाई.

175 सीसीचा आकडाही उगाच निवडलेला नव्हता. 1953 पासून भरणाऱ्या मोतोजिरो या इटलीव्यापी शर्यतीत 175 सीसीपर्यंतच्याच गाड्यांना प्रवेश असे आणि या गटाची हवा तरुणांच्या डोक्यात भिनलेली होती. मे 1957 मध्ये मिल्ले मिलिया या मोटारशर्यतीत ग्विदित्सोलो गावाजवळ भीषण अपघात होऊन प्रेक्षकांचे, त्यांत लहान मुलांचेही, प्राण गेले. त्यानंतर सार्वजनिक रस्त्यांवरील अशा शर्यतींवर बंदी आली आणि 175 या आकड्याची झळाळीही ओसरू लागली.

1959 साली लोदोला 235 ग्रान तुरिस्मो, म्हणजे लांबच्या प्रवासाची लोदोला, बाजारात आली ती या पार्श्वभूमीवर. सीसी वाढले, पण कॅमशाफ्ट हेडमधून खाली गेला आणि तिथून वरच्या झडपा हलवणारे लांब दांडे, म्हणजे साधे पुशरॉड, आले. कागदावर वाचणाऱ्याला ही माघार वाटेल, आणि काही रसिक आजही तिला माघारच म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. हेडमध्ये कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनाचे हेड काढायचे म्हणजे टायमिंगची साखळी सोडवणे आले आणि बसवताना खुणा पुन्हा जुळवणे आले. पुशरॉडच्या इंजिनाची ही देखभाल गावातल्या मिस्त्रीलाही जमते. शर्यतीच्या गाडीने इंजिन भरपूर फिरवून ताकद काढावी. प्रवासाच्या गाडीला मात्र मागे माणूस, कॅरियरवर पेटी आणि पुढे चढ असताना कमी फेऱ्यांवर न कुरकुरता ओढणे जमले पाहिजे, आणि वाढलेल्या सीसीचा उपयोग नेमका तिथे होतो.

प्रवासाची गाडी कशी असावी, हे गुझ्झी घराण्याला ऐकीव माहितीवरून ठरवायचे नव्हते. 1928 मध्ये कार्लो यांचे बंधू ज्युझेप्पे गुझ्झी मागच्या चाकाला स्प्रिंगचा आधार असलेल्या 500 सीसीच्या गाडीवरून मांदेल्लोहून निघून थेट नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे गेले होते. लोदोलाच्या मागच्या चाकाला दोन शॉकअब्सॉर्बर आणि पुढे टेलिस्कोपिक फोर्क आहे. गिअर चार आहेत आणि त्यांचे पेडल उजव्या पायाखाली आहे, त्यामुळे जुन्या बुलेटवर शिकलेल्या मराठी चालकाला यावर पाय बसवायला वेळ लागू नये. मांदेल्लोहून सरोवराच्या काठाने कोलिको, तिथून वाल्तेल्लिना खोऱ्यातून सोंद्रिओ, तिरानो आणि बोर्मिओ, आणि पुढे 2,757 मीटर उंचीवरचा स्तेल्व्हिओ घाट, हा रस्ता अशा गाडीच्या मापाचाच आहे.

या गाडीचा खरा प्रतिस्पर्धी दुसरी मोटारसायकल नव्हतीच. 1955 मध्ये फियाट 600 आणि 1957 मध्ये त्याहून छोटी फियाट 500 आली, आणि पावसात न भिजता चौघांना घेऊन जाणारे छप्पर हप्त्यांवर परवडू लागताच इटालियन कुटुंबांनी दुचाकीकडे पाठ फिरवली. कार्लो गुझ्झी 1964 मध्ये वारले. 1966 मध्ये लोदोलाचे उत्पादन थांबले, तोवर कंपनीही आर्थिक संकटात सापडली होती. मिलानच्या प्रदर्शनात आधीच मांडलेली 700 सीसीची, दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे बसवलेली व्ही-7 ही गाडी पुढे तिला तारणार होती. 2004 पासून मोतो गुझ्झी पियाज्जो समूहात आहे. याच समूहाचा कारखाना आपल्या बारामतीतही आहे, तिथे बनतात त्या गाड्या मात्र वेगळ्या.

आता चालक लोदोला सुरू करतो आहे. पेट्रोलचा कॉक उघडून त्याने डेलोर्तो कार्ब्युरेटरला पेट्रोल पोहोचू दिले आहे आणि किक हलकेच दाबून तो पिस्टन योग्य जागी आणतो आहे. एक किक वाया गेली. दुसऱ्या किकला इंजिनाने दाद दिली आहे, आणि एका सिलिंडरचे सुटे सुटे ठोके कारखान्याच्या भिंतीवरून परत ऐकू येत आहेत.