सुभाष पथावरचं पुस्तकांचं घर

नमस्कार मंडळी. ठाणे स्टेशनला उतरलं की आपण एकतर रिक्षाच्या लाइनीत घुसतो नाहीतर जांभळी नाक्याला भाजी घ्यायला वळतो, आणि त्याच गडबडीत सुभाष पथावरचं मराठी ग्रंथ संग्रहालय रोज आपल्या बाजूने निघून जातं. आज त्याच्याबद्दल बोलायचंय.

१ जून १८९३ ला हे सुरू झालं. बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली १८५३ ला, त्यानंतर ४० वर्षांनी. सुरू करणाऱ्यांत पुढे होते विनायक लक्ष्मण भावे, जन्म १८७१ चा, म्हणजे वय २१ हो! तशी वाचनालयं तेव्हाही होती, आपल्या कल्याणलाच १८६४ पासून आहे, पण मराठी पुस्तकांसाठीच वेगळं घर हवं, मराठीत छापलेलं जे मिळेल ते इथे जपून ठेवायचं, हा ध्यास या पोराचा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर ५ वर्षांनी, १८९८ ला निघालं. ठाण्याने हे आधी केलं, आणि आपण ठाणेकर हे कुणाला सांगतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. याच भाव्यांनी पुढे जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला, 'महाराष्ट्र सारस्वत'.

बरं, पुस्तकं जमवणं एक आणि टिकवणं दुसरं. आपली हवा खाडीची, दमट, पावसाळ्यात कपाट उघडलं की बुरशीचा वास. त्यात जुना कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं आम्लच त्याला आतून खातं, मग पान पिवळं पडतं आणि दुमडलं की कोपरा तुटून हातात येतो. वरून कसर. त्यामुळे एवढी जुनी पुस्तकं जिथे जिथे अजून उभी आहेत ना, तिथे कुणीतरी वर्षानुवर्षं ती झटकलीयत, पुन्हा बांधून घेतलीयत.

मी लहानपणी आजोबांचं कार्ड घेऊन पुस्तक बदलायला जायचो. एकदा एका जाड पुस्तकात खुणेला ठेवलेलं रेल्वेचं पुठ्ठ्याचं तिकीट सापडलं, ठाणे ते दादर, कडा झिजून मऊ झालेल्या. कुणीतरी लोकलमध्ये वाचत गेलं असणार. मी ते काउंटरवरच्या काकांना दाखवलं, त्यांनी उलटसुलट करून बघितलं, परत त्याच पानात सरकवलं आणि म्हणाले, राहू दे बाळा, आतच राहू दे.