काळ्या पडद्यावर टॉर्च धरून पाहा

नमस्कार. सुरुवातीलाच एक विनंती. सभागृहातले दिवे जरा मालवा. टेबलावरचा हा टीव्ही मी सुरू करतोय. आवाज येतोय ना? बातम्या लागल्या आहेत. पडदा मात्र काळाकुट्ट. आता हा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरका धरतो. पुढच्या रांगेतल्या ताई, तुम्ही या आणि इथे या कोपऱ्यात नीट बघा. काय दिसतंय? बरोबर. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा. अंधूक आहे, पण ओठ हलताना दिसताहेत.

म्हणजे चित्र जागेवर आहे, फक्त त्याच्यामागे उजेड नाही. हा सेट ज्यांचा आहे त्यांना आधी दुसरीकडे सांगितलं गेलं होतं की पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, गेलं, आता नवीनच घ्या. पॅनेल गेलं की टीव्ही गेला, हे खरंच आहे, कारण पॅनेलची किंमत जवळजवळ अख्ख्या सेटएवढी पडते. पण इथे पॅनेल ठणठणीत आहे. आत, काचेच्या मागे, मसुरीच्या डाळीएवढा एक दिवा जळालाय. टॉर्च धरायला कुणाला एक मिनिट मिळालं नाही म्हणून चांगला टीव्ही भंगारात निघाला होता. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि आज मी जे बोलणार आहे ते सगळं या एका मिनिटाबद्दल आहे. स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी बिघाड कुठल्या खोलीत बसलाय हे ओळखायचं. खोली कळली की दार उघडायला वेळ लागत नाही.

आता हा पडदा म्हणजे काय ते बघू. १८८८ मध्ये प्रागमध्ये फ्रीड्रिख रायनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक विचित्र पदार्थ आढळला. तो दोनदा वितळायचा. १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव व्हायचा आणि १७८.५ अंशांना तोच द्रव एकदम नितळ व्हायचा. मधल्या गढूळ अवस्थेत तो धड द्रव नव्हता, धड स्फटिकही नव्हता. आज आपण त्याला द्रवस्फटिक म्हणतो, इंग्रजीत लिक्विड क्रिस्टल. एलसीडी हे नाव त्यावरूनच. तुमच्या टीव्हीत दोन पातळ काचांच्या मधे याच जातीच्या पदार्थाचा थर असतो. व्होल्टेज दिलं की त्याचे रेणू वळतात आणि दोन्ही बाजूंच्या ध्रुवक फिल्म्सच्या मदतीने प्रकाश अडवतात किंवा सोडतात. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. म्हणजे बासष्ट लाखांहून जास्त बारीक खिडक्या. एवढ्या खिडक्या, पण स्वतःचा उजेड एकीलाही नाही. तो मागून द्यावा लागतो, त्यालाच बॅकलाइट म्हणतात. पूर्वी तिथे बारीक नळ्या असायच्या, आता एलईडीच्या पट्ट्या असतात. टॉर्चची युक्ती चालते ती यामुळेच. मागचा उजेड गेला तरी खिडक्या आपलं काम करतच असतात.

पट्टीवरचे एलईडी एकामागोमाग एक, माळेसारखे जोडलेले असतात. एकेका एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, काही जातींना ६. माळेतला एक तुटला की अख्खी माळ विझते, आणि बॅकलाइट चालवणाऱ्या सर्किटला गडबड कळली की ते सगळ्याच माळा बंद करून टाकतं. म्हणून लोक सांगतात, "सुरू केला की क्षणभर उजळतो आणि लगेच काळा होतो, आवाज मात्र येत राहतो." हे वाक्य ऐकलंत की निम्मं निदान झालं समजा. उरलेलं निम्मं व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर करतो. बॅकलाइटच्या कनेक्टरवर मीटर लावा, पण पट्ट्यांना जाणारं व्होल्टेज शंभराच्या वर असू शकतं, कधी बरंच वर, त्यामुळे मीटरचा पल्ला आणि स्वतःची बोटं आधी सांभाळा. मग सेट सुरू करा. व्होल्टेज झपकन वर चढून खाली पडलं, तर सर्किट ढकलतंय पण पुढे रस्ता तुटलाय. दोष पट्टीत. व्होल्टेज मुळात चढलंच नाही, तर दोष अलीकडे. मेन बोर्डाकडून, म्हणजे सेटचा मेंदू असलेल्या बोर्डाकडून, बॅकलाइट सुरू करण्याचा इशारा येतोय का, ते बघा. बोर्डावर त्या पिनेजवळ बहुतेक वेळा 'बीएल-ऑन' असं छापलेलं असतं. तिथे तीनेक व्होल्ट दिसले तर हुकूम आलाय, अंमलबजावणी होत नाही. शून्य दिसलं तर हुकूमच निघालेला नाही.

हा एलईडी मुळात पांढरा नसतो, तो निळा असतो. निळ्या एलईडीसाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप देतात आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. लेप उष्णतेने करपला की खालचा निळा उघडा पडतो. अख्खा पडदा जांभळट-निळा दिसायला लागला तर रंगांच्या सेटिंगमध्ये खेळत बसू नका. लेप गेलाय. तो करपवण्यात आपलाही हात असतो. दुकानात चमकावा म्हणून ठेवलेली बॅकलाइटची शंभर टक्के पातळी आपण घरीही तशीच ठेवतो. सत्तरवर आणा. डोळ्यांना आठवडाभरात सवय होते आणि पट्ट्यांवरचा ताप चांगलाच कमी होतो. मी दुरुस्त केलेला प्रत्येक सेट ही पातळी उतरवूनच परत देतो.

पट्ट्या बदलायच्या तर सगळ्या बदला. एकच नवी घातली तर तिचा पट्टा पडद्यावर वेगळा उजळतो, आणि उरलेल्या पट्ट्या त्याच वयाच्या असल्याने वर्षभरात दुसरी जातेच. आणखी एक ओळखीची खूण म्हणजे पडद्यावर पांढरे, गोल, चंद्रासारखे ठिपके. तिथे एलईडीवरचं प्लॅस्टिकचं भिंग गोंद सुटून खाली पडलेलं असतं. दिवा चांगला असतो, भिंग पुन्हा नेमकं बसवून चिकटवलं की झालं. उजेड पसरवणाऱ्या शीट काढताना त्यांचा क्रम आणि बाजू मोबाइलवर टिपून ठेवा. खाली-वर झाल्या तर चित्र मळकट दिसतं आणि का ते दिवसभर कळत नाही.

आता मेलेला सेट. लाल दिवासुद्धा नाही. इथे माझा आवाज थोडा चढेल, क्षमा करा, पण हा भाग जिवाचा आहे. घरात २३० व्होल्ट येत असतील तर पॉवर बोर्डावर, म्हणजे सेटला वीज पुरवणाऱ्या बोर्डावर, त्याचे सरळ झालेले ३२५ व्होल्ट होतात. बऱ्याच सेटमध्ये पुढे एक टप्पा असतो, तो ते ३८०-४०० पर्यंत नेतो. हे सगळं त्या मोठ्या, नळकांड्यासारख्या कॅपॅसिटरमध्ये साठतं आणि प्लग काढल्यावरही राहू शकतं. प्लग काढला म्हणजे बोर्ड निर्धोक झाला, असं मानणाऱ्यांचे हात मी भाजलेले पाहिलेत. काही हजार ओहमचा, पाच-दहा वॉटचा रोधक चांगल्या इन्सुलेशनच्या तारांनी कॅपॅसिटरच्या टोकांना थोडा वेळ लावा, मग मीटरने बघा, आणि आकडा खाली आल्यावरच बोर्डाला हात लावा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणं हा शूरपणा नाही. त्यात बोर्डही जातो आणि डोळाही जाऊ शकतो.

दुसरं असं की पॉवर बोर्डावर एक रेघ असते. एका बाजूला थेट घरातल्या विजेशी जोडलेला भाग, दुसऱ्या बाजूला तिच्यापासून वेगळा केलेला. दोघांचे ग्राउंड वेगळे. मीटरचं काळं टोक चुकीच्या ग्राउंडवर ठेवलंत तर आकडे निरर्थक येतात आणि चांगला बोर्ड वाईट ठरतो.

फ्यूज उडालेला असेल तर नवा घालून लगेच प्लग लावू नका. फ्यूज उगाच उडत नाही. घरातली वीज सेटमध्ये येते त्या वाटेत जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब मालिकेत जोडा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भगभगीत जळतच राहिला तर पुढे शॉर्ट आहे, आणि बल्बने एक फ्यूज आणि बहुधा एक ट्रान्झिस्टर वाचवला.

फ्यूज शाबूत असेल तर क्रमाने चला. स्टँडबायचे ५ व्होल्ट आहेत का? काही सेटमध्ये ते साडेतीनच्या आसपास असतात. रिमोटचं बटण दाबल्यावर मेन बोर्डाकडून 'चालू हो' हा इशारा येतो का? मग १२ व्होल्ट येतात का, येऊन टिकतात का? एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर मोठ्या प्रमाणावर बाजारात आले होते आणि त्या काळातल्या सेटमध्ये माथा फुगलेला कॅपॅसिटर डोळ्यांनीच सापडायचा. आजही फुगलेला दिसला तर बदलाच. धारकता तीच, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त, तापमान १०५ अंशांचं, आणि ध्रुव न चुकता. पण माथा सपाट आहे म्हणून कॅपॅसिटरला निर्दोष सोडू नका. आतून वाळलेला कॅपॅसिटर बाहेरून शहाण्यासारखाच दिसतो. त्यासाठी अंतर्गत रोध मोजणारं ईएसआर मीटर घ्या.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. एका सेटमध्ये १२ व्होल्ट यायचे, कोसळायचे, पुन्हा यायचे. लाल दिवा लुकलुकत राहायचा. मी म्हटलं, पॉवर बोर्ड. तो बदलला. नव्या बोर्डावरही तेच. मी मेन बोर्डावर संशय घेतला, तोही मागवला. तरी तेच. तोवर आठ दिवस गेले होते, सेटचे मालक असलेले आजोबा रोज विचारायला येत होते, आणि दोन्ही बोर्डांचा खर्च मी अंगावर घेतला, कारण चूक माझीच होती. नवव्या दिवशी मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं : मेन बोर्डातून टी-कॉन नावाच्या, पॅनेल सांभाळणाऱ्या छोट्या बोर्डाला जाणारी रिबन केबल प्लग काढून सोडवली आणि सेट पुन्हा लावला. १२ व्होल्ट खांबासारखे उभे राहिले. पॉवर बोर्ड निर्दोष होता, पुढे कुणीतरी त्याचा गळा आवळत होतं. टी-कॉनवरचा तिळाएवढा सिरॅमिक कॅपॅसिटर शॉर्ट झाला होता. तेव्हापासून व्होल्टेज कोसळताना दिसलं की मी आधी एकेक बोर्ड सोडवून बघतो, मग भाग मागवतो.

तो तीळ सापडतो कसा, तेही सांगतो, कारण हे काम मला फार आवडतं. बोर्ड सेटमधून बाहेर काढायचा. शॉर्ट झालेल्या मार्गावर बाहेरून अगदी कमी व्होल्टेज द्यायचं, एखादा व्होल्ट, आणि प्रवाहावर मर्यादा ठेवायची. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ हात फिरवायचा. शॉर्ट झालेला भाग तापतो आणि सगळ्यात आधी तिथलं अल्कोहोल उडून जातं. ओल्या बोर्डावर एक कोरडा ठिपका उमटतो. बस्स, तोच.

टी-कॉन म्हणजे पॅनेलला वेळेवर हुकूम देणारा छोटा बोर्ड. त्याला १२ व्होल्ट येतात आणि त्यातून तो पॅनेलसाठी वेगवेगळी व्होल्टेज बनवतो, एक तर शून्याच्या खालचंही. डावा किंवा उजवा अर्धाच पडदा गेला, रंग निगेटिव्हसारखे उलटे झाले, चित्र पुसट पांढरं झालं, तर आधी त्याच्याकडे आणि त्याच्या रिबन केबलकडे बघा. केबल काढून संपर्क साफ करून पुन्हा बसवली की निम्म्या वेळा माणूस हसत घरी जातो.

मेन बोर्डाबद्दल थोडक्यात. सेट लोगोपर्यंत येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, तेव्हा बहुधा साठवणीची चिप किंवा सॉफ्टवेअर बिघडलेलं असतं. सॉफ्टवेअर भरताना मॉडेल सारखं असून भागत नाही, आतलं पॅनेल कुठलं आहे ते त्याच्यामागच्या लेबलवर वाचा. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनेल असतात आणि चुकीचं सॉफ्टवेअर गेलं तर चित्र उलटं किंवा रंग भलतेच येतात.

आणि जिथे थांबायचं तिथे थांबा. एक उभी रेघ, पॅनेलच्या कडेला हलकं दाबलं की येते-जाते. तिथे काचेला चिकटवलेल्या फिल्मचा जोड सुटलाय. तो जोड उष्णता आणि दाब नेमका देणाऱ्या यंत्रावरच होतो. कागदाची घडी कोंबून रेघ चार दिवस लपवता येते, पण ती दुरुस्ती म्हणून कुणाला विकू नका. काच तडकली असेल तर तिथे करण्यासारखं काहीच नाही, हे माणसाला पहिल्या दोन मिनिटांत सांगा.

मघाशी मागून कुणीतरी ओएलईडीचं विचारलं. तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागे बॅकलाइट नसतोच. टॉर्च तिथे काही सांगणार नाही. एलसीडीवर मात्र पहिलं हत्यार तेच.

आता दिवे लावा. हा टेबलावरचा सेट आपण उघडतोय. प्लग काढून झालाय, कॅपॅसिटर रोधकाने रिकामा करून मीटर लावलाय, आकडा शून्याजवळ आहे. तुम्हीही बघून घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका. टेबलावर मऊ चादर अंथरली आहे. ताई, तुम्ही त्या बाजूने या. अंगठी काढून ठेवा. काच दोन्ही कडांनी धरायची, कोपऱ्याने नाही, आणि मी म्हणेन तेव्हाच, एकदम, सरळ वर उचलायची.