मदतीचा अर्ज आणि लोकांची खासगी माहिती: लहान सेवाभावी संस्थांनी काय सांभाळावे?

नमस्कार. आजचा व्हिडिओ ठाणे आणि नवी मुंबई परिसरातल्या लहान सेवाभावी संस्थांच्या विश्वस्तांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी आहे. शाळा सुरू होताना वह्या-गणवेश देणाऱ्या, व्हीलचेअर, वॉकर, फाउलर बेड (पाठीकडून उचलता येणारा रुग्णाचा पलंग) असे रुग्णोपयोगी साहित्य अनामत रक्कम घेऊन वापरायला देणाऱ्या, एखाद्या रुग्णाच्या डायलिसिसचा खर्च उचलणाऱ्या संस्थांविषयी मी बोलणार आहे. या कामात लोकांची किती नाजूक माहिती आपल्या कपाटात आणि मोबाइलमध्ये साठत जाते, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही आणि वार्षिक ऑडिटमध्येही ती कोणी मागत नाही.

सुरुवात अर्जापासून करू.

[पडद्यावर: शैक्षणिक मदतीच्या अर्जाचा कोरा नमुना]

समजा, तुर्भे स्टोअर भागात राहणारी एक आई मुलीच्या वह्या-दप्तरासाठी संस्थेच्या कार्यालयात आली आहे. तिच्या हातात दोन पानी अर्ज दिला जातो. त्यात मुलीचे नाव, इयत्ता आणि शाळा यांच्यापाठोपाठ आईवडिलांचे आधार क्रमांक, जात, रेशनकार्डाचा रंग, घरभाडे, घरात कोणाला दीर्घ आजार आहे का, वडिलांना व्यसन आहे का, असे रकाने असतात. सोबत आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो जोडायचे असतात. यांतले बरेच रकाने कोणी विचार करून घातलेले नसतात. कधीतरी एखाद्या कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीसाठी सर्वेक्षण झाले तेव्हा ते आले, निधी संपला, रकाने मात्र राहिले, आणि दरवर्षी त्याच फाइलमध्ये साल बदलून प्रिंट काढली जाऊ लागली. वह्या देण्यासाठी वडिलांच्या व्यसनाची माहिती कशाला लागते, या प्रश्नाचे उत्तर कार्यालयात बसलेल्या कार्यकर्त्याकडे नसते, कारण तो प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

ती आई तो विचारणार नाही. हा माझ्या मते या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. दुकानदाराने मोबाइल नंबर मागितला तर आपण ‘नको’ म्हणू शकतो, कारण आपण पैसे देत असतो. मदत मागायला आलेला माणूस रकाना मोकळा सोडत नाही. मोकळा सोडला तर अर्ज बाजूला पडेल, अशी भीती त्याच्या मनात असते. अर्जाखाली ‘वरील माहिती मी स्वखुशीने देत आहे’ असे छापून सही घेतली, तरी त्या सहीत खुशी किती आणि गरज किती, हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून सेवाभावी संस्थेने संमतीच्या सहीवर फार विसंबू नये आणि मुळात कमी माहिती मागावी. जी माहिती आपल्याकडे नाही, ती आपल्याकडून फुटूही शकत नाही.

कायदा काय म्हणतो, ते आता पाहू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. त्यानंतर डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा, २०२३ संसदेने संमत केला आणि त्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अधिसूचनेनुसार तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात, आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरची मुख्य कर्तव्ये अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून बंधनकारक होतात. संस्था धर्मादाय आहे किंवा लहान आहे, एवढ्या कारणाने तिला या कायद्यातून आपोआप सूट मिळत नाही. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा ऐकून कोणी घाबरून जाऊ नये, कारण ती कमाल मर्यादा आहे आणि दंड ठरवताना उल्लंघनाचे स्वरूप, गांभीर्य अशा गोष्टी विचारात घेतल्या जातात.

या कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, पुरेशा माहितीवर आधारलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते, आणि ती सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित असते. कायद्यातच याचे एक उदाहरण दिले आहे. मोबाइलवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अॅपने सल्ल्यासाठी आणि फोनमधल्या संपर्क यादीसाठी अशी दोन्ही संमती एकदम घेतली, तरी संपर्क यादीपुरती ती संमती धरली जात नाही, कारण वैद्यकीय सल्ल्यासाठी संपर्क यादी लागत नाही. हे उदाहरण आपल्या अर्जाला लावून पाहावे; व्यसनाचा रकाना तिथेच गळून पडतो. माहिती कशासाठी घेतली जात आहे, याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. दिघा, रबाळे, तुर्भे या पट्ट्यात काम करणाऱ्या संस्थांनी मराठीबरोबर हिंदीतही ती तयार ठेवावी, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावी. तसेच संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे.

इथे काही विश्वस्त म्हणतात, ‘आमचे सगळे कागदावर आहे, आम्हाला डिजिटल कायदा कशाला?’ हा कायदा डिजिटल स्वरूपातल्या आणि कागदावरून डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो, हे खरे आहे. मात्र कागद कागद म्हणून किती वेळ राहतो? अर्ज आल्याबरोबर कार्यकर्ता मोबाइलवर त्याचा फोटो काढतो, तो सचिवांना व्हॉट्सअॅपवर पाठवतो, आणि त्या क्षणी ती माहिती कायद्याच्या कक्षेत येते. शिवाय कागदाचा प्रवासही पाहण्यासारखा असतो. आधारच्या झेरॉक्स एका बाजूने कोऱ्या असतात, म्हणून चित्रकलेच्या वर्गात मुलांना रंगवायला त्या दिल्या जातात. मुलाने काढलेल्या झोपडीच्या आणि नारळाच्या झाडाच्या मागे कोणाचा तरी बारा आकडी क्रमांक, जन्मतारीख आणि पत्ता असतो. उरलेला गठ्ठा रद्दीत जातो. हे कोणी दुष्टपणाने करत नाही, कागद वाया जाऊ नये म्हणूनच करतात.

आधारविषयी माझे मत स्पष्ट आहे: वह्या, रेशन किट किंवा वॉकर देण्यासाठी पूर्ण आधार क्रमांकाची गरज नाही. ओळख पटवायची असेल तर कार्ड पाहावे, ‘ओळखपत्र पाहिले’ एवढी नोंद करून सही करावी आणि कार्ड परत द्यावे. प्रत ठेवणे खरोखरच भाग असेल तर मास्क्ड आधार मागावे, ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येते. जुन्या पद्धतीची झेरॉक्सच हाती आली, तर तिच्यावर आडवे लिहावे: ‘फक्त शैक्षणिक मदतीसाठी’, आणि खाली तारीख. असे आडवे लिहिलेले कागद सिमकार्डासाठी किंवा कर्जासाठी वापरणे जरा अवघड जाते.

आता व्हॉट्सअॅप ग्रुप. सायबर हल्ला वगैरे दूरच्या गोष्टी आहेत; लहान संस्थेची माहिती बाहेर जाते ती मुख्यतः इथून. कार्यकर्त्यांच्या ग्रुपमध्ये दीडदोनशे माणसे असतात, त्यांतली कित्येक वर्षानुवर्षे सक्रिय नसतात. तिथे एखाद्या संध्याकाळी संदेश येतो: अमुक सोसायटीतल्या, अमुक विंगमधल्या अमुक बाईंना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस आहे, सोबत रिपोर्टचा फोटो आणि मुलाचा मोबाइल नंबर. हेतू चांगला असतो, रक्तदाता किंवा देणगीदार लवकर मिळावा हाच असतो. पण तो संदेश पुढे सोसायटीच्या ग्रुपवर जातो आणि ज्या शेजाऱ्यांना त्या बाईंनी आजार सांगितलेला नव्हता, त्यांनाही तो कळतो. ग्रुपवर ‘ऐरोलीतील एका रुग्णासाठी मदत हवी, संपर्क: संस्थेचे कार्यालय’ एवढेच जावे आणि बाकीचा तपशील ज्या दोघातिघांना त्यावर निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यापुरता राहावा. आजार एचआयव्हीचा असेल तर प्रश्न केवळ सौजन्याचा राहत नाही. एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ मध्ये गोपनीयतेची स्वतंत्र तरतूद आहे.

मुलांच्या बाबतीत कायदा अधिक कडक आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल मानला जातो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कायदेशीर पालक नेमलेल्या दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीतही पालकाची तशीच संमती लागते. बालन्याय कायद्याच्या कक्षेत आलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास तर बंदीच आहे. आणि वाटपाचा फोटो? हातात वह्यांचा गठ्ठा, मागे बॅनर, शेजारी प्रमुख पाहुणे, आणि तो फोटो फेसबुकवर मुलाच्या शाळेच्या नावासह. मला तो कधीच आवडला नाही. देणगीदाराला पुरावा हवा असतो, हे मान्य. तो वह्यांच्या गठ्ठ्यांच्या, बिलाच्या किंवा पाठमोऱ्या मुलांच्या फोटोनेही देता येतो.

देणगीदारांची माहिती हा तुलनेने सोपा भाग आहे, कारण तिथे काय घ्यायचे हे बऱ्याच अंशी करकायदाच ठरवतो. देणगीवर ८०जीची प्राप्तिकर सवलत मिळवून देणाऱ्या संस्थांना, आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून सुरू झालेल्या फॉर्म १०बीडीसारख्या विवरणपत्रातून, प्राप्तिकर विभागाला देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन किंवा अन्य ओळख क्रमांक आणि रक्कम कळवावी लागते. ही माहिती ठेवणे भागच आहे आणि देणगीदाराने सांगितले म्हणून ती मुदतीआधी पुसताही येत नाही. प्रश्न उरतो तो पॅन क्रमांकांची एक्सेल फाइल सीएकडे कशी जाते याचा. फाइलला पासवर्ड घालावा, पासवर्ड वेगळ्या मार्गाने कळवावा, आणि सीए किंवा सॉफ्टवेअरवाला यांच्याशी लेखी करार असावा. त्यांच्या हातून चूक झाली तरी कायद्यापुढे जबाबदारी संस्थेचीच राहते.

माहिती फुटलीच, तर लपवू नये. कार्यकर्त्याचा मोबाइल लोकलमध्ये चोरीला गेला आणि त्यात लाभार्थ्यांची यादी होती, हेही त्यातच मोडते. नियमांनुसार संबंधित व्यक्तींना विनाविलंब कळवायचे असते आणि या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यायचा असतो. यासाठी कोणाच्या मोबाइलमध्ये कोणती यादी आहे, हे आधी माहीत असले पाहिजे. सुरुवातीला ज्या नोंदीचा मी उल्लेख केला, ती इथे कामाला येते. एक साधी वही पुरे: कोणती माहिती, कशासाठी, कोणाकडे, कधी नष्ट करायची. साहित्य परत आले आणि अनामत रक्कम परत दिली गेली की रुग्णाचा रिपोर्ट आपल्याकडे असण्याचे कारण संपले.

शेवटचा प्रसंग निवडणुकीच्या आसपास हमखास येतो. परिसरातले एखादे वजनदार गृहस्थ कार्यालयात येतात, चहा घेतात आणि म्हणतात, ‘तुमच्याकडे गरजू कुटुंबांची यादी आहे ना, आम्हीही वह्या वाटणार आहोत, नंबरांसकट द्या.’ त्यांना दुखावणे संस्थेला परवडत नाही, कारण हॉल त्यांच्याच ओळखीने मिळालेला असतो. पण ती माहिती कुटुंबांनी संस्थेला एका कामासाठी दिली होती, दुसऱ्याच्या प्रचारासाठी दिलेली नव्हती, आणि त्यांना न विचारता ती पुढे देता येत नाही. अशा वेळी उत्तर देण्याचे ओझे एकट्या कार्यकर्त्यावर पडू नये म्हणून कार्यकारिणीने आधीच ठराव करून ठेवावा आणि तो कार्यालयात लावावा. मी सुचवतो तो मजकूर असा:

[पडद्यावर: ठरावाचा मजकूर]

‘लाभार्थी व देणगीदार यांची यादी कोणत्याही व्यक्तीस, पक्षास अथवा संस्थेस दिली जाणार नाही. आपली मदत योजना असल्यास तिचे पत्रक कार्यालयात द्यावे. ते फलकावर लावले जाईल व इच्छुक कुटुंबे आपल्याशी स्वतः संपर्क साधतील.’