जावळाची घोंगडी

[दृश्य: लालबागची चाळ, दुसरा मजला, सकाळचं ऊन]

कठड्यावर पसरलेली ही घोंगडी जवळून बघा. हिला कुणी रंग दिलेला नाही. मेंढीच्या अंगावर होता तोच हा काळा. या घरातल्या आजींचे सासरे गिरणीत लागले, तेव्हा सांगोल्याहून वळकटी बांधून हिला घेऊन आले. गिरणीतली पाळी संपली की खोलीत हिच्यावरच अंग टाकायचं. 1982 च्या संपात त्यांची गिरणी सुटली. घोंगडी मात्र दर दिवाळीआधी अशी उन्हाला येते.

[दृश्य: माळ, कळप, ओढा]

हा तिचा मुलूख, माणदेश. पाऊस थोडा, गवत बुटकं. इथे टिकते ती दख्खनी मेंढी. काटक, दिवसभर चालणारी. धनगर तिला बकरं म्हणतात. चारा संपला की वाडा, म्हणजे धनगरांचा तळ, हलतो. वाटेतले शेतकरी कळप आपल्या रानात बसवून घेतात, लेंडीखतासाठी. त्या बदल्यात धान्य मिळतं, पैसे मिळतात.

कातरणी वर्षातून दोनदा. आधी मेंढरं ओढ्यात धुवायची, अंग वाळू द्यायचं, मग कातर. कातर कातडीला किती लगटून चालली आहे बघा, आणि तरी एक ओरखडा नाही. एका मेंढीची वर्षाची लोकर अर्धा-पाऊण किलो. म्हणजे एका घोंगडीमागे चार-पाच मेंढ्यांचं वर्ष आहे.

आणि हे कोकरू. त्याची ही पहिलीच कातरणी. या लोकरीला जावळ म्हणतात. आपल्या लेकराचं काढतो, त्यालाही आपण हाच शब्द वापरतो. सगळ्यात मऊ लोकर हीच, आणि जाणता माणूस घोंगडी मागतो ती जावळाची.

[दृश्य: सणगराचं घर]

हे सणगराचं घर, घोंगडी विणणाऱ्याचं. लोकर पिंजायची, तिचे पेळू, म्हणजे कातायला वळलेल्या गुंडाळ्या, करायचे, चरख्यावर सूत काढायचं. घरातल्या बायकांच्या हातांकडे लक्ष ठेवा, पेळू कुठे संपतो आणि दुसरा कुठे जोडला जातो ते दिसतसुद्धा नाही.

आता चुलीवरचं पातेलं. यात चिंचोके आहेत. भिजवून, वाटून, शिजवून त्यांची खळ होते. अंगणात ताणा, म्हणजे विणीचं उभं सूत, लांबवर ताणलाय आणि सणगर कुंच्याने त्यावर खळ चढवतोय. एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. लोकरीचं सूत केसाळ असतं, मागावर एकमेकांत गुंततं आणि तुटतं. खळीने ते केस बसतात, सुताला ताठपणा येतो. हे काम उन्हाचंच. आभाळ आलं की थांबायचं.

मग खड्डा माग. विणकर कमरेपर्यंत जमिनीत, पाय खाली पावड्यांवर, हातात धोटा.

[निवेदन नाही. मागाचा आवाज चालू द्यावा.]

घोंगडी टोचते, असं मुंबईत हमखास ऐकू येतं. टोचते. मेरिनो लोकरीचा तंतू साधारण 20 मायक्रॉनचा, दख्खनीचा त्याच्या दुप्पट, कधी त्याहूनही जाड. पण हाच राकट तंतू वर्षानुवर्षं झिजत नाही, आणि लोकरीतला तेलकटपणा पाणी सहज आत येऊ देत नाही. म्हणून भर पावसात डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन मेंढपाळ उभा राहू शकतो. आपल्या हवेला, आपल्या जमिनीला साजेशी लोकर हीच आहे.

आज या लोकरीतून बऱ्याचदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. ती माळावर टाकून दिली जाते, आणि कळपांत मांसासाठी माडग्याळ मेंढी वाढते आहे.

[दृश्य: वांद्रे, महालक्ष्मी सरस प्रदर्शन]

इथे घोंगडी घ्याल तेव्हा सूत निरखून बघा. हाताने कातलेलं सूत कुठे जाड, कुठे बारीक असतं. शंका आली तर एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. केस जळाल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरली, तर लोकर. वितळून टणक गोळी झाली, तर त्यात सिंथेटिक आहे. किंमत ऐकून मागे फिरण्याआधी ते चार-पाच मेंढ्यांचं वर्ष आठवा, आणि ती खळ.

[दृश्य: लालबाग, संध्याकाळ]

ऊन उतरलं. आजी घोंगडी झटकतात. नातीला एक टोक धरायला लावतात.

[निवेदन नाही. घडी पूर्ण होईपर्यंत दृश्य तोडू नये.]