इंजिन तापलंय आणि सेन्सर म्हणतोय गार

बसा, बसा, पुढं जागा आहे, मागच्यांनी पुढं या. आवाज येतोय ना? तर मला विषय दिलाय अर्डुइनोला, म्हणजे आपण कोड लिहून चालवायच्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाला, सेन्सर जोडून इंजिनावर लक्ष कसं ठेवायचं, आणि शेवटी बाहेर जे इंजिन ठेवलंय ते चालू करून दाखवायचंय. मी काही प्रोफेसर नाही, मी यात एकदा सपशेल तोंडावर आपटलोय, तेवढाच माझा अधिकार.

आमच्याकडं कृष्णेच्या काठाला पाच एचपीचं डिझेल इंजिन आहे, एका सिलिंडरचं, १५०० आरपीएमचं, म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्यांचं, पाण्यावर गार होणारं. आता सगळीकडं मोटारी झाल्या, पण वीज कधी येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ते विकलेलं नाही. याला गार करायला वेगळं पाणी नसतं, पंप नदीतनं जे पाणी उचलतो त्यातलंच थोडं बारीक पाइपनं इंजिनात घालायचं आणि दुसऱ्या बाजूनं ते गरम होऊन बाहेर पडतं. आता फूटवॉल्व्हमध्ये, म्हणजे नदीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाच्या झडपेत, ज्याला आपण फुटबॉल म्हणतो, त्यात काटकी अडकली की पंप हवा धरतो, पाणी बंद, आणि इंजिन मात्र धडधडतच असतं, कारण तात्या तोवर वरच्या वावरात दारं धरत असतात, त्यांना खालचं काय कळणार?

मी तेव्हा नवीनच अर्डुइनो शिकलेलो. डीएस१८बी२० नावाचा तापमानाचा सेन्सर घेतला, स्टीलच्या टोपीतला वॉटरप्रूफ मिळतो तो, उणे ५५ ते १२५ डिग्री, तीन वायरी, डेटा आणि पाच व्होल्टच्या मध्ये ४.७ के चा रेझिस्टर टाकला की झालं. इंजिनातनं गरम पाणी जिथं बाहेर पडतं त्या पाइपात तो खोचला, ६५ च्या वर गेलं की भोंगा वाजव असा कोड लिहिला, आणि गावभर सांगत सुटलो.

पंधरा दिवसांनी पंपानं हवा धरली. मी योगायोगानं तिथंच होतो, स्क्रीनवर बघतोय, ५२, मग ४७, मग ४२, ३८. मला वाटलं वा, आज इंजिन छान गार चाललंय! नाकाला वास आला तेव्हा उठलो. पंपाच्या ग्लँडमधली, म्हणजे दांड्याभोवती पाणी गळू नये म्हणून भरलेली, दोरी जळून कोळसा, इंजिनाच्या हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं, गॅस्केट गेलं, आणि भोंगा शेवटपर्यंत वाजलाच नाही.

का, ते ओळखा बघू. हां, बरोबर, पाणीच संपलं तर पाइपातला सेन्सर मोजणार काय, तो मोजतोय पाइपातली हवा. इंजिन जितकं अडचणीत तितका आकडा खाली. सेन्सर खोटं बोलत नव्हता, मीच त्याला चुकीच्या जागी बसवून भलताच प्रश्न विचारत होतो.

आणि गंमत पुढं आहे. मग वाटलं सायलेन्सरजवळ धुराचं तापमान घेऊ. पण पंपानं हवा धरली की इंजिनावरचा लोडच जातो, डिझेल कमी लागतं, धूर आणखी गार होतो, म्हणजे तोही आकडा म्हणणार सगळं झकास. म्हणून तापमान घ्यायचं ते हेडच्या धातूचं. तिथं डीएस१८बी२० नको, त्याची मर्यादा १२५ आणि वायरीचं प्लास्टिक तर त्याआधीच मऊ पडतं, तिथं के टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला सेन्सर, वॉशरसारखं गोल टोक असलेलं, बोल्टखाली दाबायचं, आणि मधे त्याचा बारीक सिग्नल वाचून अर्डुइनोला आकडा देणारं मॅक्स६६७५ चं छोटं बोर्ड. हे १०२४ डिग्रीपर्यंत जातं, पाव डिग्रीच्या पायरीनं. एकच, याला सेकंदाला चारपेक्षा जास्त वेळा विचारायचं नाही, विचारलं की ते चाललेलं मोजमाप सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं आणि तुम्हाला जुनाच आकडा देत बसतं.

थर्मोकपलची वायर आखूड पडली तर साधी तांब्याची जोडू नका, सगळे हीच चूक करतात, मीही केली. थर्मोकपल दोन टोकांतला फरक मोजतं, आणि दुसरं टोक बोर्डाइतकंच गरम आहे असं ते बोर्ड गृहीत धरतं. जोड इंजिनाजवळ ६० डिग्रीत आणि बोर्ड सावलीत ३० ला, तर आकडा सरळ ३० नं कमी येणार. पुन्हा तेच, इंजिन तापलेलं आणि आपण निवांत. आणि टोक आतनं इन्सुलेटेड असलेलंच घ्या, नाहीतर इंजिनाची बॉडी आणि तुमच्या सर्किटची अर्थ एक होते आणि आकडे नाचतात.

आता आरपीएम, माझ्या मते सगळ्यात कामाचा सेन्सर हाच. लोड गेला की गव्हर्नर, म्हणजे स्पीड आवरणारा भाग, असूनही स्पीड थोडं चढतं, आमच्या इंजिनात १५०० चं १५६० च्या आसपास होतं, आणि पंपानं हवा धरल्याची पहिली खबर तीच देते, तापमान चढायच्या कितीतरी आधी. पण सगळेजण पल्स, म्हणजे खूण समोरनं गेली की सेन्सर देतो ते ठोके, कसे मोजतात, एका सेकंदात किती आले ते. फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, एक खूण, म्हणजे १५०० ला सेकंदाला २५ पल्स. २५ चे २६ झाले की थेट ६० आरपीएमची उडी, मधलं काही दिसतच नाही. म्हणून पल्स मोजू नका, दोन पल्समधला वेळ मोजा, १५०० ला ४० मिलिसेकंद, १५६० ला साधारण साडेअडतीस. उनो या अर्डुइनो बोर्डाची पिन २ किंवा ३ इंटरप्टला लावा, म्हणजे पल्स आला की बोर्ड हातातलं काम सोडून त्याची दखल घेतं, वेळेसाठी मायक्रोज हे फंक्शन वापरा, ४ मायक्रोसेकंदापर्यंत कळतं. फोर स्ट्रोक एक सिलिंडर म्हणजे दोन फेऱ्यांत एकदाच धक्का, त्यामुळं एक फेरी चटकन आणि एक रेंगाळत होते, तेव्हा सरासरी काढायची ती जोडीजोडीनं.

खूण म्हणून मी चुंबक चिकटवला होता, दोन ट्यूबच्या एपॉक्सीनं, वरती हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक समोर आला की कळवणारा. तिसऱ्या दिवशी चुंबक गायब, सापडला तो पलीकडच्या बांधाच्या कडेला. घरी येऊन हिशोब केला आणि हात गार पडले. फ्लायव्हील ४० सेंटीमीटरचं, कडेचा वेग ताशी ११३ किलोमीटर, आणि तो पाच ग्रॅमचा चुंबक बाहेरच्या बाजूला अडीच किलोच्या वजनानं ओढला जातोय! आता चुंबक नाही, फ्लायव्हीलवर आधीपासूनच जो बोल्ट आहे त्याच्या डोक्यासमोर इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर, कारखान्यात असतो तो, लोखंड समोर आलं की कळवतो. एनपीएन, म्हणजे आउटपुट अर्थला जोडणारा प्रकार, घ्या, १२ व्होल्टवर चालवा, आउटपुटला ५ व्होल्टचा पुलअप, म्हणजे ५ व्होल्टकडं जाणारा रेझिस्टर, तेल-चिखल काही वाटत नाही त्याला.

ऑइल प्रेशरचा स्विच सोपा आहे, एक वायर, बाकी अर्थ बॉडीतनं, इंजिन बंद असताना प्रेशर नसतं म्हणून तो जोडलेला, म्हणजे धोका, दाखवतो, तेव्हा चालू झाल्यावर दहा सेकंद त्याच्याकडं लक्ष देऊ नका, संपलं. पाण्याच्या फ्लोचा तो स्वस्तातला प्लास्टिकचा सेन्सर मी लावून बघितला, नदीच्या गाळानं त्याचं चक्र आठवड्यात बसलं, तुम्ही टाकीच्या स्वच्छ पाण्यावर वापरा.

आणि एक विचित्र आकडा सांगून ठेवतो, ८५. जुना डीएस१८बी२० मी पंपाच्या बेअरिंगला बांधला, आकडे येतात ४६, ४७, ८५, ४७. बेअरिंग क्षणभर ८५ आणि परत ४७, असं होईल का? तर त्या सेन्सरला करंट नुसता लागला आणि अजून मोजणं झालं नाही तर तो ८५ च सांगतो, तसंच बनवलंय त्याला. म्हणजे हादऱ्यानं वायर सुटून परत टेकत होती. वायर पूर्ण तुटली की लायब्ररी, म्हणजे सेन्सर वाचायचा तयार कोड, उणे १२७ देते, ते निदान वेडपट दिसतं म्हणून लगेच कळतं. ८५ धोक्याचा, खरा वाटतो ना. मी कोडमध्ये लिहून टाकलंय, लागोपाठ तीनदा आला तरच विश्वास ठेव. आणि वायर इंजिनाला दर वीतभर अंतरावर टायनं बांधा, सोल्डर केलेल्या जागी हादरा पोचू देऊ नका.

आपोआप बंद करायचं का, असं कोणीतरी मघाशी विचारलं. मी करत नाही, अजून. आरपीएम चढलेलं वीस सेकंद टिकलं किंवा हेड ११० च्या वर गेलं की भोंगा आणि तात्यांच्या फोनवर मिस्ड कॉल. तात्या म्हणतात बंद करायचं काम माझं, तुझ्या डबीचं नाही, आणि त्या गॅस्केटच्या प्रकरणानंतर मला काही बोलता येत नाही.

बरं, चला बाहेर. हँडल मी मारतो, एक जण लॅपटॉप धरा. आणि फ्लायव्हीलच्या सरळ रेषेत कुणी उभं राहू नका, बाजूला या, अजून बाजूला.